नारळ मिळाल्यानंतर

कामावरून कमी केलेल्या माणसाबद्दल मराठीत ‘त्याला नारळ दिला’ असे म्हणतात. या शब्दांत निरोप आहे, पण निरोपाबरोबर माणसाच्या पदरात आणखी काय पडायला हवे ते त्यात येत नाही. तो भाग कायद्याचा आहे, आणि ज्याला नारळ मिळतो त्याला बहुधा त्याच दिवशी तो पहिल्यांदा समजून घ्यावा लागतो. सुरुवातीचा घोळ शब्दापासूनच होतो. आयटी कंपन्यांमुळे ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी कायमची गेली, असा अर्थ आता रूढ झाला आहे. हा अमेरिकी वापर आहे. भारतीय कामगार कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरते घरी बसवणे. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही किंवा तयार माल पडून आहे म्हणून काम देता येत नाही, पण नाव हजेरीपटावर कायम आहे, अशी ती स्थिती. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के रक्कम मिळते. नोकरीच संपवली तर तिला कायद्यात ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे कामगार कपात म्हणतात, आणि तिची नुकसानभरपाई वेगळी असते.

ही भरपाई कुणा मालकाच्या उदारपणातून आलेली नाही. औद्योगिक विवाद कायदा 1947 सालचा. त्यात ले-ऑफ आणि कपातीच्या भरपाईचे स्वतंत्र प्रकरण 1953 साली घातले गेले. कापड गिरण्यांत माल साठला होता आणि कामगारांना घरी बसवले जात होते, ही त्यामागची तातडी. पुढे 1959 साली इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. ग्रॅच्युइटी ही केलेल्या दीर्घ सेवेबद्दल मिळते, तर कपातीची भरपाई पुढचे काम मिळेपर्यंतचे दिवस निभावण्यासाठी असते. हेतू वेगळे असल्यामुळे कामगाराला दोन्ही मिळू शकतात. या निकालाचा आधार आजही मोलाचा आहे. भरपाईकडे रक्कम म्हणून न पाहता महिने म्हणून पाहावे, हे त्यातून आपोआप येते. नोकरी गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज वेळेची असते. पुढचे पहिले मिळेल ते काम घाबरून न स्वीकारण्याइतका वेळ.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1947 च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कपातीचे मूळ सूत्र तसेच राहिले आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल, तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते आणि सरकारला कळवावे लागते. सहा महिन्यांवरचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. सलग वर्ष म्हणजे 365 दिवसांची हजेरी नव्हे. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की वर्ष धरतात. त्याच वर्गातला शेवटी लागलेला कामगार आधी जातो. हा क्रम मोडायचा असेल तर मालकाला कारण नोंदवावे लागते. तीनशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला, खाणीला किंवा मळ्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. हा आकडा पूर्वी शंभर होता. ही अट कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती असल्याने हजारो माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीला ती लागू होत नाही. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के म्हणजे 12,000 हून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक घरांत विचारला गेलेला प्रश्न असा होता की, सरकार हे थांबवू शकत नाही का. आगाऊ परवानगीची सक्ती या क्षेत्रावर नाही, हे त्याचे उत्तर.

पण मग हे संरक्षण नक्की कुणाला? कायद्यातला शब्द ‘कामगार’ आहे. व्यवस्थापनाचे काम करणारा त्यात येत नाही. देखरेखीचे काम करणारा महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार घेत असेल तर तोही येत नाही. इथे दोन गैरसमज नेहमी दिसतात. एक, पगार मोठा असला की माणूस कामगार राहत नाही. पगाराची मर्यादा फक्त देखरेखीच्या कामाला आहे. तांत्रिक, कारकुनी किंवा हाताचे काम करणाऱ्याला ती नाही. दुसरा, कार्डावर ‘मॅनेजर’ किंवा ‘लीड’ लिहिले की सगळे संपले. न्यायालये पदनाम पाहत नाहीत, दिवसभर प्रत्यक्ष काय काम केले ते पाहतात. ज्याच्या हाताखाली कुणी नाही, जो कुणाची रजा मंजूर करत नाही, कुणाला नेमत किंवा काढत नाही, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोड लिहितो किंवा चाचण्या करतो, त्याच्या पदाचे नाव कितीही भारदस्त असले तरी तो कामगार असल्याचा दावा करू शकतो. खरोखरीच्या व्यवस्थापकाच्या बाजूने मात्र नेमणूकपत्रातल्या अटीच उभ्या राहतात. त्यात दोन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर दोन महिन्यांचा पगार. त्यापलीकडे जे मिळेल ते कंपनीचे धोरण आणि वाटाघाट यांवर. बोलीभाषेतला ‘सेव्हरन्स’ हा शब्द बहुतेक वेळा या ऐच्छिक रकमेसाठी वापरला जातो.

सगळ्यात नाजूक जागा राजीनाम्याची आहे. पंधरा मिनिटांच्या बैठकीचे बोलावणे येते. समोर एचआरचा माणूस आणि एक वरिष्ठ असतात. ‘तुम्ही स्वतःहून राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील, रिलिव्हिंग लेटर नीट मिळेल,’ असे सांगितले जाते, आणि समोरच्या लॅपटॉपवर राजीनाम्याचा फॉर्म उघडलेला असतो. मन सुन्न झालेले असताना माणूस बटण दाबतो. त्या एका बटणाने कायद्याच्या दृष्टीने चित्र पालटते. स्वेच्छेने दिलेला राजीनामा म्हणजे कपात नव्हे, म्हणून कपातीची भरपाईही नाही. दबावाखाली घेतलेला राजीनामा आव्हान देण्याजोगा असतो, पण दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. म्हणून त्या खोलीत ‘मला विचार करायला वेळ हवा, प्रस्ताव लेखी द्या’ एवढे वाक्य पुरेसे आहे. ते म्हणण्यात उद्धटपणा काही नाही. पैशाच्या बदल्यात पुढे कोणताही दावा करणार नाही, असे लिहून देण्याची अट असलेला करारही घरी नेऊन, शक्यतो कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवून मगच सही करावी. संध्याकाळपर्यंत कंपनीची ईमेल बंद होते आणि दारावरचे कार्ड चालेनासे होते. पगारपत्रके, फॉर्म 16, नेमणूकपत्र आणि पगारवाढीची पत्रे त्याच ईमेलमध्ये अडकून राहतात. हे आपले वैयक्तिक कागद चालू नोकरीतच दर महिन्याला घरी जमा करत जाणारा माणूस पुढच्या अनेक हेलपाट्यांतून सुटतो. ग्राहकांची माहिती किंवा कंपनीचा कोड मात्र चुकूनही सोबत नेऊ नये. त्याने स्वतःचाच दावा अडचणीत येतो.

आता हिशोब. गिरणगावात नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या पैशांना हाच शब्द होता, आजच्या ‘फुल अँड फायनल’पेक्षा तो नेमका आहे. समजा, एका तांत्रिक कर्मचाऱ्याची 8 वर्षे 7 महिने नोकरी झाली. त्याचा एकूण पगार 80,000 रुपये, आणि त्यातला संहितेच्या व्याख्येत बसणारा ‘वेतन’ भाग 40,000. नव्या व्याख्येनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो, म्हणून हे वेतन 40,000 च्या खाली दाखवता येत नाही. सेवा 9 वर्षे धरली जाईल. कपातीची भरपाई वर्षाला अर्ध्या महिन्याप्रमाणे 20,000 गुणिले 9, म्हणजे 1,80,000 रुपये. ग्रॅच्युइटीत महिना 26 दिवसांचा धरतात. 40,000 ला 15 ने गुणून 26 ने भागले आणि 9 ने गुणले की 2,07,692 रुपये येतात. नोटिशीचा एक महिना 40,000. न वापरलेल्या रजेचे 30 दिवस याच दराने धरले तर आणखी 40,000. बेरीज 4,67,692 रुपये.

आता याच रकमेला घरखर्चाने भागायचे. घराचा हप्ता 24,000, शाळेचे 6,000, किराणा, वीज आणि पेट्रोल मिळून 20,000, आरोग्य विम्याला बाजूला काढायचे 2,000, म्हणजे महिना 52,000. भागाकार जवळजवळ 9 येतो. नऊ महिने. साडेचार लाखांचा आकडा ऐकून ज्याला गाडी बदलावीशी वाटते आणि ज्याला रात्री झोप येत नाही, या दोघांनाही हा ‘नऊ’ जागेवर आणतो. हाच भागाकार राजीनामा देऊन आलेल्याचा केला तर भरपाईचे 1,80,000 वजा होतात आणि साडेपाच महिने उरतात. एका बटणाची किंमत साडेतीन महिने.

वेतन संहितेनुसार थकलेले वेतन नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवे. ‘45 दिवसांत करू’ ही अनेक कंपन्यांची जुनी सवय या नियमात बसत नाही. कपातीची भरपाई तर कमी करतानाच द्यायची असते, कारण ती कायदेशीर कपातीची पूर्वअट आहे. ग्रॅच्युइटीला 30 दिवसांची मुदत आहे. ती सामान्यतः पाच वर्षांनंतर मिळते, पण ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेत एका वर्षानंतर प्रमाणात हक्क मिळाला आहे. संहितेने कौशल्य निधीही आणला आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने 15 दिवसांचा शेवटचा पगार या निधीत भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. ही रक्कम भरपाईपेक्षा वेगळी आहे आणि तिची आठवण करून द्यायला कुणी येत नाही, ती मागावी लागते.

आयकरात या प्रत्येक पैशाचा खण वेगळा आहे. कामगाराला मिळालेली कपातीची भरपाई, कायद्याच्या सूत्राने येणारी रक्कम आणि 5 लाख रुपये यांपैकी जे कमी असेल तेवढी करमुक्त असते. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटीला 20 लाखांपर्यंत, तर नोकरी सुटताना मिळालेल्या रजेच्या पैशांना 25 लाखांपर्यंत सूट मिळू शकते. नोटिशीचा पगार आणि कंपनीने आपणहून दिलेली सेव्हरन्स मात्र पगारासारखीच करपात्र. म्हणून पत्रात प्रत्येक रक्कम कोणत्या नावाने लिहिली आहे ते पाहावे. सगळे ‘एक्स-ग्रेशिया’ या एका ओळीत कोंबले असेल तर तपशील मागून घ्यावा.

भविष्य निर्वाह निधीला लगेच हात घालण्याचा मोह होतो. ऑक्टोबर 2025 मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने नोकरी गेल्यावर 75 टक्के रक्कम तत्काळ आणि उरलेली बारा महिन्यांच्या बेकारीनंतर काढू देण्याचा निर्णय घेतला. पण पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या पैशावर सामान्यतः कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. सातव्या किंवा आठव्या वर्षी पेन्शनचा भाग काढून घेणारा माणूस ती वर्षे पुसून टाकतो. भारतात सगळ्या पगारदारांसाठी बेकारभत्ता नाही. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगारांसाठी 2018 साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. पुढे 2020 मध्ये तिचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत वाढवला गेला, तोही जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच. आयटी पार्कमधल्या बहुतेकांना तो लागू नाही.

आणखी एक गोष्ट शेवटच्या दिवशी गपचूप संपते, ती म्हणजे कंपनीचा समूह आरोग्य विमा. त्यात बहुधा आईवडीलही असतात. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या सत्तरीतल्या वडिलांना नवा विमा घ्यायचा तर आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत लागते. समूह विमा संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत रूपांतर मागितले तर आधी भरलेल्या वर्षांचा लाभ मिळू शकतो. भरपाईच्या पैशांतला पहिला खर्च हा असावा. गृहकर्जाच्या बँकेलाही हप्ता चुकण्याआधी भेटावे. चुकलेल्या हप्त्यानंतरच्या बोलण्यात माणसाची बाजू उणी पडते.

महाराष्ट्राने भरपाईचे पैसे आणि ते संपण्याची गती दोन्ही जवळून पाहिली आहेत. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. गिरणगावातली कहाणी लालबाग-परळच्या बहुतेक चाळींना पाठ आहे. आयुष्यात पहिल्यांदाच हातात एकरकमी पैसा आला, आणि तो सावकाराचे देणे, बहिणीचे किंवा मुलीचे लग्न, गावच्या घराचे छप्पर यांत गेला. यातला एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता. प्रत्येक खर्च वर्षानुवर्षे तुंबलेला होता. पण महिन्याचा पगार थांबला होता आणि एकरकमी पैशाला महिन्याचे रूप कुणी दिले नव्हते. आजचा कर्मचारी शिकलेला असला तरी धोका तोच आहे. रक्कम बँकेत जमा झाली की फ्रँचायझी विकणारे, गुंतवणूक सुचवणारे आणि उसने मागणारे ओळखीचे येतात. पहिले तीन महिने ती मुदतठेवीत ठेवून तिच्यातून दर एक तारखेला ठरलेली रक्कम बचत खात्यात वळवली, तर घराला पगार चालू असल्यासारखी शिस्त राहते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत घड्याळ वेगळे चालते. तिथे 1988 चा एक केंद्रीय कायदा शंभर किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या मालकाला मोठ्या कपातीपूर्वी 60 दिवसांची नोटीस द्यायला लावतो, पण सेव्हरन्सची सक्ती करत नाही. तरी मोठ्या कंपन्या ती देतात. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 हून अधिक लोकांना कमी केले तेव्हा अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना 16 आठवड्यांचा मूळ पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला दोन आठवडे असे जाहीर केले. मात्र एच-1बी व्हिसावरच्या माणसासाठी या पैशापेक्षा व्हिसाचे दिवस आधी संपतात. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त 60 दिवसांत नवा मालक, व्हिसा प्रकारात बदल किंवा परतीचे विमान, यांपैकी एक ठरवावे लागते. चार महिन्यांचा पगार खात्यात असताना दोन महिन्यांत घर आवरायला लागणे, मुलांच्या शाळेचे वर्ष अर्धवट सोडणे, हे एडिसन किंवा बे एरियातल्या कुटुंबांसाठी दूरचे भय नाही.

पैशाच्या हिशोबानंतर उरतो दिवस. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या गावात एकच कापड कारखाना होता. तो बंद पडल्यावर मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी तिथे अभ्यास केला आणि तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खिडकीआडून गावातल्या लोकांच्या चालण्याचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष हळू चालत होते आणि मध्येच थांबत होते. घाई असण्याचे कारणच उरले नव्हते. वेळ मुबलक झाला होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घसरले होते. दिवस कसा गेला ते लिहा म्हटले तर पुरुषांना सकाळ आणि दुपार यांच्यामधले काही आठवत नसे. बायकांचा वेग मात्र तसा मंदावला नव्हता, कारण स्वयंपाक, कपडे आणि मुले यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. याहोदा यांनी पुढे मांडले की नोकरी पगाराबरोबरच दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे देते, ओळख देते.

हे वाकडच्या किंवा ठाण्याच्या सोसायटीत आजही दिसते. नोकरी गेल्याचे घरी न सांगता सकाळी साडेआठला लॅपटॉपची रिकामी बॅग पाठीला लावून निघणारा आणि दिवस एखाद्या अभ्यासिकेत काढणारा माणूस काल्पनिक नाही. लपवण्यामागे लाज असते. ती समाजाने शिकवलेली आहे. लग्नाच्या पंगतीत ‘सध्या कुठे?’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कंपनीच्या नावाने द्यायचे असते. पण लपवण्याची किंमत मोठी आहे. घराला खर्च कमी करायला मिळणारे महिने वाया जातात, आणि नव्या कामाची खबर ज्यांच्याकडून येऊ शकते त्यांना कळतच नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली दाखवले की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना बहुधा तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. जुन्या प्रकल्पातला सहकारी, कॉलेजचा वर्गमित्र, भिशीतली मैत्रीण यांना कळवणे म्हणून कामाचे. नोकरी गेलेल्या स्त्रीच्या वाट्याला वेगळी अडचण येते. आता ती घरी आहेच, असे सगळे धरून चालतात, सासऱ्यांची डॉक्टरकडची फेरी आणि मुलाचा अभ्यास तिच्याकडे सरकतो, आणि शोधासाठी लागणारे सकाळचे तीन तास कुणी तिला मोकळे ठेवत नाही. हे तास घरात बोलून, ठरवून राखावे लागतात.

पुढच्या नोकरीचा पगार कमी असू शकतो, हेही मोकळेपणाने मान्य करावे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मोठ्या कपातीत काम गेलेल्या अनुभवी कामगारांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्षांनंतरही त्यांची कमाई, काम गेले नसते तर झाली असती त्यापेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी कमी होती. एका कंपनीत पंधरा वर्षे कमावलेले कौशल्य पुष्कळदा त्याच कंपनीच्या पद्धतींत गुंतलेले असते आणि दुसरीकडे त्याला तेवढा भाव मिळत नाही. चाळिशीपुढच्या माणसाने या वास्तवाला स्वतःचे अपयश समजणे अन्यायाचे आहे. मुलाखतीत कारण विचारले तर ‘कंपनीने पदे कमी केली, त्यात माझे पद गेले’ हे सरळ वाक्य सांगावे. पार्श्वभूमी तपासणीत तारखा जुळतात की नाही ते पाहिले जाते, त्यामुळे मधला खंड झाकण्यासाठी तारखा ताणणे अंगाशी येते.

भरपाई कमी दिली किंवा राजीनामा लादला, तर कामगाराला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. तिथे 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर स्वतःहून औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पूर्वी यासाठी तीन वर्षे मिळत, आता दोन. जो कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही त्याला नेमणूकपत्राच्या आधारे दिवाणी न्यायालय. नोकरी संपल्यावरही एक धागा कायद्याने वर्षभर शाबूत ठेवला आहे. कपातीनंतर वर्षाच्या आत मालकाला पुन्हा माणसे घ्यायची झाली, तर कमी केलेल्या कामगारांना त्याने कळवायला हवे आणि इतरांपेक्षा त्यांना आधी संधी द्यायला हवी. म्हणून कपात झालेल्याने निघताना आपला कायमचा पत्ता, फोन आणि वैयक्तिक ईमेल लेखी देऊन त्याची पोच घ्यावी आणि ती पोच नेमणूकपत्राच्या फाइलला लावून ठेवावी.